केळुसकरबाईंच्या चिचुंद्र्या

केळुसकरबाईंसमोर चिचुंद्रीला कुणी उंदीर म्हटलं की त्या हातातलं काम थांबवत. आवाज चढवत नसत. चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याकडे पाहत आणि म्हणत, "उंदीर कुरतडतो. ही कुरतडत नाही, किडे खाते. हिचं घराणंच वेगळं." एवढं झालं की चष्मा खाली घेऊन पुन्हा कामाला लागत. समोर शिपाई असो, पाहुणे म्हणून आलेले मोठे डॉक्टर असोत की खुद्द आमचे प्रमुख पारसनीस साहेब असोत, वाक्यात फरक पडत नसे.

आमचं केंद्र म्हणजे वाशीतला एक भाड्याचा दुमजली बंगला. खाली जीप आणि प्राण्यांची खोली, वर प्रयोगशाळा. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वाशीला इमारती कमी आणि इमारतींचे बोर्ड जास्त, असे ते दिवस. खाडीकाठची शेतं आणि मिठागरं भरावाखाली जात होती, आणि तिथले उंदीर-घुशी निमूटपणे नव्या सोसायट्यांत राहायला येत होते. त्यांच्याबरोबर कुठले रोग येतील ते पाहायला आमची नेमणूक झालेली. मी पिण्याचं पाणी तपासायचो. बाई उंदीर तपासायच्या, निदान कागदोपत्री.

उंदरासाठी पिंजऱ्यात तेल लावलेला पोळीचा तुकडा लावायची आमच्याकडे पद्धत होती. बाई पोळीबरोबर सुका जवळाही लावायच्या. साहजिकच उंदरांबरोबर चिचुंद्र्या सापडायच्या. "साहेब, मी बोलावलं नाही, त्या आपणहून आल्या," असं त्या पारसनीस साहेबांना सांगत, आणि चेहरा इतका गंभीर असे की साहेबांना रागावता येत नसे.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. चाळिशी उलटलेली, बांधा बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. साडी नेसून पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट घालायच्या, कारण चिखलात चपला राहत नाहीत. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणत, जणू बसचा पास काढायचा राहून गेला असावा. आमच्याशी बोलताना पुस्तकी मराठी, पण काही बिनसलं की तोंडातून मालवणी बाहेर यायची, तीही स्वतःशीच.

चिचुंद्रीचा उग्र वास त्यांच्या साडीला, पिशवीला, केसांनासुद्धा बसलेला असे. संध्याकाळी त्या बसमध्ये चढल्या की शेजारची बाई पदर नाकाला लावून उठायची. एकदा मी सोबत होतो. मला फार अवघडल्यासारखं झालं. बाई मात्र रिकाम्या झालेल्या सीटवर पिशवी ठेवून म्हणाल्या, "बसा, कर्णिक. ऐसपैस बसा." थोड्या वेळानं खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "घाबरली की तो वास सोडते ती. आम्हीच घाबरवतो, आणि आम्हीच नाक धरतो."

त्यांची आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन अडकलं. त्यांना एखादी गोष्ट माहीत नसली तर त्या सरळ "माहीत नाही" म्हणत. आमच्या व्यवसायात हा शब्द फारसा चालत नाही. आम्ही "तपास चालू आहे" म्हणतो, "तसं काही प्रथमदर्शनी दिसत नाही" म्हणतो. बाई "माहीत नाही" म्हणत आणि त्यापुढे काही जोडत नसत. ऐकणाऱ्याला वाटे, अजून काही येईल. ते कधी येत नसे.

नेरूळजवळ सारसोळ्याच्या अंगाला खाडीला लागून एक जुना मातीचा बांध होता. भरतीचं खारं पाणी अडवायला गावकऱ्यांनी कधीकाळी घातलेला. बांधाच्या आतल्या पाण्यात कोळंबी आणि मासळी वाढवायची, बाहेर खारफुटी. बांधाच्या टोकाला चार-पाच घरं होती. त्यांतल्या पहिल्या घरात हिराबाई राहायची, वयानं बाईंच्याच जोडीची. मुलगा, सून, आणि दामू नावाचा लहानगा नातू. बाई तिच्या ओट्यावर पिंजरे ठेवायच्या आणि सकाळी ते घ्यायला गेल्या की तिथेच बसून बिनदुधाचा चहा प्यायच्या. हिराबाईला या उद्योगाची मोठी गंमत वाटे.

"बाय, येवरी शिकलीस आनि चिचुंद्र्या धरतंस?"

"शिकले म्हणूनच धरते गं. नाहीतर तुझ्यासारखी मासे धरले नसते?"

दामू पिंजऱ्यापाशी उकिडवा बसून आत बघत असायचा. बाई त्याचा हात धरून मागे ओढायच्या आणि साबणानं धुवायला लावायच्या.

या बांधावरच्या काही चिचुंद्र्यांना हगवण लागलेली बाईंच्या लक्षात आली. दुसरीकडच्या चिचुंद्र्यांत तसं काही नव्हतं. जंतूंसाठी मी तपासलं, नेहमीचं काही सापडलं नाही. मग बाईंनी ते नमुने गाळून, बर्फात घालून पुलापलीकडे मुंबईला नेले. तिथल्या एका मोठ्या संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता, आणि तो चालवणारा माणूस बाईंचा कॉलेजातला सोबती होता. मशीन मोकळं असलं की तो त्यांना निरोप धाडायचा.

एका दुपारी मी डबा उघडून बसलो होतो. बाई आल्या आणि माझ्या डब्याशेजारी एक फोटो ठेवला. करड्या पार्श्वभूमीवर थोडे गोल ठिपके, आणि प्रत्येकाच्या कडेनं बारीक, टोकाशी फुगीर असे काटे.

"काय दिसतं?"

"कडेला झालर आहे."

"झालर नव्हे, मुकुट. कोरोना." त्या बसल्या. "माणसांत हे सापडलेत. कोंबड्यांत, डुकरांत, उंदरांत सापडलेत. पण चिचुंद्रीत कुणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही."

आज तो शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा आमच्या केंद्रात तो बाईंनी उच्चारल्यावर मला पुस्तक काढून बघावं लागलं होतं.

उंदरांतला असा विषाणू ओळखायचं एक सीरम परदेशातून मागवून बाईंनी आपल्या नमुन्यावर लावून पाहिलं. ते चिकटलं नाही. म्हणजे हा उंदरांतला नव्हे, कुणी दुसराच आहे.

"म्हणजे नवा!" मी म्हणालो.

"किंवा सीरम वाटेत खराब झालं. दोन्ही होऊ शकतं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटतं नवा. माहीत नाही."

पण त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन मिसळ खाऊ घातली. कारण कुणालाच सांगितलं नाही. शिपायानं विचारलं, "बाईसाहेब, बढती मिळाली का?" तर म्हणाल्या, "मला नाही, चिचुंद्रीला."

पारसनीस साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "बाई, सुंदर आहे. पण फोटोला कुणी विषाणू मानणार नाही. प्रयोगशाळेत वाढवून दाखवा. आणि त्याच जागी पुन्हा सापडतो, हे दाखवा." ते बरोबरच होतं. बाईंनी मान डोलावली.

तो वाढेना. बाईंनी नाना तऱ्हेच्या पेशींत घालून पाहिला. रोज सकाळी काचेच्या बाटल्या उजेडात धरून बघायच्या आणि जागेवर ठेवून द्यायच्या. दर वेळी मूळ नमुन्यातला थोडा भाग खर्ची पडायचा. "ह्याचा पुरावा द्यायला गेलं की हाच कमी होतो," असं त्या एकदा म्हणाल्या. बांधावरनं नवे नमुने आणत राहणं हाच उपाय होता, आणि पावसाळा उतरला की भरपूर पिंजरे लावायचे असा त्यांचा बेत होता.

त्याच पावसाळ्यात दामू गेला. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, बांधावरची वाट पाण्याखाली होती, होडीनं आणि मग ट्रकनं पनवेलला नेईपर्यंत पोर वाटेतच संपलं. आम्हाला कळलं ते आठवड्यानं, पाणी ओसरून जीप गेली तेव्हा. मी बाईंबरोबर होतो.

हिराबाई ओट्यावर बसली होती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मग हिराबाईनं अगदी साध्या आवाजात विचारलं. त्यात आरोप नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं विचारलं.

"बाय, तुमी त्या चिचुंद्र्यांना हगवन हाय बोललाव. माज्या दामूला त्यांच्यामुलं जाला का?"

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आज तरी ही बाई "नाही" म्हणेल. म्हणावंच. पोर परत येणार नव्हतं, आणि "नाही" म्हटल्यानं जगाचं काही बिघडणार नव्हतं.

"माहीत नाही, हिरा," बाई म्हणाल्या. "गावात त्या आठवड्यात आणखी पोरं आजारी होती. पाण्यामुळे असेल. बहुतेक पाण्यामुळेच. पण मला माहीत नाही."

"मंग कोनाला म्हाईत असंल?"

"आता कुणालाच नाही कळायचं. त्याचं काही ठेवलेलं नाही ना तपासायला."

हिराबाईनं मान हलवली. तिला ते कितपत समजलं मला सांगता येणार नाही. पण ती उठली आणि तिनं चहा ठेवला. बाईंनी तो चहा घेतला, पण कप ओठाला लावून खाली ठेवला. परतताना जीपमध्ये त्या एकदाच बोलल्या, तेही माझ्याशी नव्हे. "काय करूचा आता? काय करूचा?"

दिवाळीच्या आसपास आमच्याकडे एक बैठक झाली. नव्या वस्त्यांतल्या उंदरांचा विषय होता. भरावाचं काम पाहणारे एक इंजिनिअर आले होते, घाईतले गृहस्थ. पारसनीस साहेबांनी मोठ्या कौतुकानं बाईंच्या फोटोंचा उल्लेख केला. इंजिनिअर सावरून बसले.

"हे कुठलं म्हणालात? खाडीच्या बांधावरचं? बाई, एवढंच सांगा, माणसाला धोका आहे की नाही?"

"माहीत नाही."

"म्हणजे नाही, असं तुम्ही म्हणू शकत नाही."

"नाही म्हणू शकत. पण आहे असंही म्हणू शकत नाही. ते शोधायलाच मला अजून नमुने—"

"तेवढं पुरे, थँक्यू."

बैठकीचा टाइप केलेला वृत्तांत आला. त्यात एक ओळ होती : 'सदर बांधालगतच्या परिसरात रोगप्रसाराची शक्यता नाकारता येत नाही.' बाईंनी ती वाचून साहेबांकडे धाव घेतली. "साहेब, मी असं म्हटलं नव्हतं." साहेब म्हणाले, "तुम्ही जे म्हणालात त्याचा सरकारी मराठीत हाच अर्थ होतो, बाई." बाईंनी दुरुस्तीचा अर्ज दिला. तो पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं, आणि पुढची बैठक झालीच नाही.

संक्रांतीनंतर बाई, दामू गेल्यापासून पहिल्यांदाच, पिंजरे घेऊन बांधाकडे निघाल्या तेव्हा माझं पाण्याचं काम त्याच बाजूला होतं. लांबूनच धूळ दिसत होती. मुरमानं भरलेले डंपर एकामागोमाग येऊन बांधाच्या आतल्या पाण्यात रिते होत होते. अर्धं पाणी बुजलं होतं. उरलेल्या पाण्यात गावातली माणसं गुडघाभर चिखलात उतरून हाताला लागेल ती मासळी टोपल्यांत भरत होती. बाई पिंजऱ्यांची जुडी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी पुढच्या डंपरला हात केला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"क्या है, मौसी?"

"भैया, थोडे दिन रुक सकते हो?"

त्याला हसू आलं. पण बाईंचा चेहरा पाहून त्यानं ते आवरलं. "मेरे हाथ में क्या है, मौसी? साइड हो जाओ, लग जाएगा."

बाई बाजूला झाल्या.

हा भराव वृत्तांतातल्या त्या ओळीमुळे लवकर हाती घेतला गेला, असं आमच्या केंद्रात काही जण म्हणत. नकाशावर तो कधीचाच ठरलेला होता, असं इतर सांगत. मी स्वतः चौकशी केली, पण नक्की कुणी सांगितलं नाही. बाईंना मी हे दुसरंच खरं आहे असं पटवायचा प्रयत्न करायचो. त्या ऐकून घ्यायच्या. "असेल," म्हणायच्या. "तसंही असेल."

गावात मात्र कुणाच्या मनात शंका नव्हती. बाईंनी हिराबाईच्या ओट्यावर पाय ठेवला तेव्हा ती दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

"बाय, आमच्या गावान रोग हाय असा तू सांगलंस?"

"नाही गं हिरा. मी तसं नाही सांगितलं."

"मंग कोनी सांगला?"

बाईंकडे द्यायला नाव नव्हतं. हिराबाई आत वळली आणि तिनं दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटलं. ते आपटणं परवडलं असतं, असं बाई मला नंतर म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी कुठे पिंजरे लावले नाहीत? नेरूळच्या नव्या इमारतींच्या जिन्याखाली, बाजारामागच्या उकिरड्यांत, नावड्याच्या शेतांत, थेट कामोठ्यापर्यंत. चिचुंद्र्या ढिगानं मिळाल्या. सगळ्या ठणठणीत. मुंबईच्या मशीनखाली एकीतही मुकुट दिसला नाही. जिथे तो होता ती जागा मुरमाखाली गेली होती, आणि तिथल्या चिचुंद्र्या कुठे पांगल्या ते सांगणारं कुणी नव्हतं.

मूळ नमुन्यातलं फारच थोडं उरलं होतं. बाईंनी त्याचे दोन भाग केले. एक इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञाकडे पाठवायचा ठरला. त्याला फोटोंत रस वाटला होता. परवानग्या मिळवण्यात वर्ष गेलं. अखेर कोरड्या बर्फात बांधून तो डबा विमानतळावर पोचवायला आम्ही दोघं गेलो. तिथे एक कागद कमी निघाला, मधे सुट्ट्या आल्या, आणि डबा तिकडे पोचला तेव्हा बर्फ केव्हाच उडून गेला होता. त्यात काही उरलं नसल्याचं त्या गृहस्थानं सौजन्यानं कळवलं आणि पुन्हा पाठवण्याची विनंती केली. बाईंनी ते वाचून माझ्याकडे दिलं आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागल्या. खूप वेळ धूत होत्या.

दुसरा भाग त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून पेशींत घातला. भर पावसाळा होता, बंगल्याच्या भिंतींना ओल आली होती. बाटल्यांत बुरशी धरली. बाईंनी त्या बाटल्या स्वतः उकळल्या, स्वतः विसळल्या आणि उलट्या करून निथळत ठेवल्या. त्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आल्या. फोटो दाखवून त्यांनी एका परिषदेत छोटंसं टिपण वाचलं. 'चिचुंद्रीच्या आतड्यातील मुकुटासारखे कण' असं काहीसं नाव होतं. ऐकायला मोजकी माणसं. एकानं विचारलं, "हे पुन्हा सापडलेत का?" त्या म्हणाल्या, "नाही." आणि खाली उतरल्या.

पुढे केंद्र बंद झालं. बंगल्यात नर्सिंग होम आलं. मला पुण्याला बदली मिळाली, बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेऊन नेरूळला एक छोटा फ्लॅट घेतला. इतकी गावं सोडून नेरूळच का, असं मी विचारलं नाही. अधूनमधून मुंबईला आलो की भेटायचो. दर वेळी त्या अधिक बारीक झालेल्या वाटत. प्राण्यांविषयी बोलणं बंद झालं होतं. सोसायटीतल्या मुलांची गणितं घ्यायच्या.

शेवटची भेट ऐंशीचं दशक सरता सरताची. रविवार होता. मला जेवायला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, बाजारात जाऊन येऊ. सोबत असलं की बरं."

मासळीबाजारात गर्दी होती. बाई एका बाजूनं आत शिरल्या, मधेच थबकल्या आणि परत फिरल्या. मला वाटलं त्यांना चिखल लागला असेल. "कर्णिक, आज नको. आपण भाजीच करू," म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरनं हाक आली.

"ओ बाय! दर येलेला येतंस नि तशीच परत जातंस. मना काय दिसत नाय व्हय?"

हिराबाई होती. केस पांढरे झाले होते. समोर बोंबील आणि कोळंबी मांडलेली. कोळंबी आता विकत आणायची असणार. बाई जागच्या जागी उभ्या. मग माझ्या हाताला धरून त्या पुढे आल्या.

हिराबाई बोलत सुटली. मुलानं रिक्षा घेतली, घर पक्कं बांधलं, वरच्या खोलीत भाडेकरू ठेवलेत, मोठं टेन्शन देतात, नळाला पाणी येत नाही. बाई ऐकत होत्या. बोलता बोलता हिराबाई कोळंबी निवडत होती, मोठी मोठी एका बाजूला काढत होती. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा बाईंनी सुरुवात केली.

"हिरा, मला तुला कधीचं सांगायचंय. त्या वेळी, दामूच्या—"

हिराबाईचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"सोलून देऊ," तिनं विचारलं, "का तशीच नेतंस?"

मागे गिऱ्हाइकांची ढकलाढकली चालली होती. कुणीतरी भाव विचारत होतं. बाईंनी खांद्यावरची पिशवी काढली, तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं आणि पुढे केली.

"तशीच दे," त्या म्हणाल्या.